ओरेले म्हणजे कान

दरेकसा,
होळीनंतरचा मंगळवार, १९५१

प्रिय तारबाबू,

एकाच घरात राहून बायको नवऱ्याला पत्र लिहिते म्हटल्यावर तुम्ही आधी हसाल आणि मग चष्मा शोधाल. चष्मा कोनाड्यात आहे. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहिते आहे आणि तुम्ही बाहेर ओट्यावर मोहाच्या झाडाकडे तोंड करून बसला आहात. मधे एक दार आहे, तेही सताड उघडं. तरी कागद कशाला, हे मी शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर बाकीचं लिहायला माझ्या हातात बळ राहणार नाही. उद्या सकाळच्या पॅसेंजरने सालेकशाहून जागेश्वर कंपाउंडर तुमची सुई घेऊन येईल. तो यायच्या आत हे तुमच्या हाती पडलं पाहिजे. मी फार घाबरले आहे, एवढं मात्र आत्ताच सांगते.

वर तुमचं नाव घालावं म्हणून लेखणी उचलली होती, पण धीर झाला नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं असं माझी आई म्हणायची. मॅट्रिक झालेल्या बाईने असलं काही मानू नये, हे मला कळतं. पण गेल्या भाद्रपदापासून मी काय काय मानायला लागले आहे ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला देवऋषीकडे नेऊन बसवाल. म्हणून सगळं स्टेशन तुम्हाला जे म्हणतं तेच लिहिलं. तारबाबू.

भाद्रपदात तुमच्या पंच्यावर रक्ताचा डाग दिसला तो दिवस आपण पुन्हा कधी बोलण्यात आणला नाही. तुम्ही म्हणालात, पानाचा आहे. तुम्ही पान खात नाही. मला तेव्हा तुमच्या आईंची आठवण झाली. तुमच्या गावी, नवेगाव बांधला, शेतातल्या झोपडीत त्यांना वेगळं ठेवलं होतं आणि घरची माणसं भाताची थाळी बांधावर ठेवून मागे फिरायची, हे तुम्हीच मला लग्नानंतर सांगितलं होतंत, एकदाच, भिंतीकडे तोंड करून. तेव्हापासून मी त्या रोगाचं नाव तोंडात आणत नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि म्हणाले, यावर आता एक औषध निघालं आहे, पण ते मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट. नशीब म्हणजे माझा केशोदादा. तो मद्रासला आहे आणि त्याच्या ओळखीचा एक व्यापारी पाँडिचेरीला जाऊन येऊन असतो, म्हणून तर त्या रबरी बुचांच्या बाटल्या कापसात गुंडाळून आपल्या दारी आल्या. बाटल्यांबरोबर एक पातळ घडीचा कागद होता, तो सगळा फ्रेंचमध्ये. डॉक्टरांनी तो उलटा-सुलटा केला आणि माझ्या हातात परत दिला. औषधाचं नाव ओळखीचं आहे, पण किती पाण्यात कालवायचं, किती टोचायचं, कधी थांबायचं हे वाचल्याशिवाय मी सुई लावणार नाही, म्हणाले. औषध घरात आणि रोग अंगात, आणि मधे आडवी पडलेली एक भाषा, जी गोंदियापासून डोंगरगडपर्यंत कोणालाच येत नव्हती.

त्या भाषेचा कोश मिळाला कसा, ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. तुम्ही तापात होतात. मी गोंदियाला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये गेले. साहेब लोक देश सोडून गेले तशी त्यांची वाचायची कपाटं तिथे धूळ खात पडली होती. तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराने मला आधी वर्गणीदार कोण ते विचारलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता किल्ल्या दिल्या. कॅरमबोर्डाच्या मागे, पाठ उसवलेला, फ्रेंच-इंग्रजी कोश. घेऊन जाव, बाई, म्हणाला, आजतक किसीने छुआ नहीं. परतीच्या गाडीत मी तो पदराखाली धरून बसले होते. समोरच्या बाईला वाटलं, पदराखाली लेकरू आहे. तिने मला सरकून जागा दिली आणि मीही तिला काही सांगितलं नाही.

मग आपण दोघं बसलो. ताप उतरलेल्या सकाळी तुम्ही भिंतीला टेकून तो कागद डोळ्यांजवळ धरायचात आणि एकेक अक्षर सांगायचात, जसं तारेवर सांगता तसं, सुटं-सुटं, दोनदा. मी कोशात बोट फिरवायची. सापडला शब्द की त्याचा इंग्रजी अर्थ मी पाटीवर लिहायची आणि संध्याकाळी ते शब्द मागे-पुढे लावून त्यातून काहीतरी माणसासारखं वाक्य काढायची. किती शब्द सापडायचेच नाहीत. मग आपल्याला कळलं की ही भाषा शब्दाला शेपूट लावते, ते कापलं की कोशातला शब्द निघतो. अक्षरांवरच्या त्या रेघोट्यांना तुम्ही माश्यांची घाण म्हणायचात. उच्चार कोणाला ठाऊक होता, जसं दिसलं तसं वाचलं. पाणी, उकळलेलं, थंड केलेलं. सकाळी. स्नायू. मूत्रपिंड. दर शब्द मी भीत भीत काढायची. धानाच्या बांधावरचा दगड उचलताना खाली विंचू असेल की काय असं वाटतं ना, तसं. एक शब्द चुकला, एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर सुई तुमच्या दंडात जाणार होती, माझ्या नाही. पाणी किती ते मी तीनदा काढलं. तुम्ही कंटाळलात. कायले एवढी भेऊन राहिली, म्हणालात, फ्रेंच माणसाचं बी पाणी ओलंच असंल.

आणि मग तो शब्द आला, ओरेले. मी कोशात बघितलं, कान. आपण दोघंही हसलो, कारण फुप्फुसाच्या औषधात कानाचं काय काम. पुढचा शब्द निघाला, गुणगुण, भुंग्यासारखी. त्याच्या पुढचा, घेरी. आणि त्याच्या पुढचा मी बोटाखाली धरून ठेवला, तुम्हाला सांगितला नाही. तुम्ही दोनदा विचारलंत. मी म्हटलं, पान चिकटलं आहे. पान चिकटलेलं नव्हतं. तुम्ही माझं बोट उचललंत आणि स्वतः वाचलंत. बहिरेपण.

तुमची सगळी रोजी-रोटी कानात आहे हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यंत्रामागे सिगारेटचा रिकामा डबा ठेवून तुम्ही तारेचा आवाज मोठा करता आणि कोळसा टाकणाऱ्यांशी गप्पा मारता मारता आमगावची तार उतरवून घेता. लग्न होऊन आले तेव्हा या क्वार्टरात दिवसभर ती कडकट ऐकू यायची आणि मला वेड लागेल असं वाटायचं, म्हणून तर तुम्ही मला ती तारेची भाषा शिकवलीत. त्या सकाळी मला वाटलं तुम्ही आता पाटी फेकून द्याल. पण तुम्ही म्हणालात, कान दोन हायेत, जीव एकच हाय. पाटीवरचं पूर्ण वाक्य आपण दोघांनी मिळून लावलं. कानात गुणगुण सुरू झाली तर औषध थांबवावं आणि डॉक्टरांना लगेच कळवावं. मी तुम्हाला माझ्या गळ्याची आण घातली की गुणगुण सुरू झाली तर तुम्ही पहिल्यांदा मला सांगाल. तुम्ही आण घेतलीत. माझ्या गळ्याला हात लावून घेतलीत.

आपण लावलेला मजकूर डॉक्टरांनी वाचला, सुई सुरू झाली आणि त्यानंतर रोजची परीक्षा. चहा झाला की मी तुमच्यासमोर बसून चिमट्याने पेल्यावर तारेच्या ठोक्यांत वाजवायची, आज स्वयंपाकात काय ते. तुम्ही ऐकून सांगायचं. लाखोळीची डाळ. भात. वांगं. एकदा मी मुद्दाम हत्ती वाजवला, तर तुम्ही म्हणालात, आज खूप लाकडं लागतील. एकदाही तुम्ही चुकला नाहीत. जागेश्वर दर खेपेला विचारायचा, बाबू, कान वाजते का, आणि तुम्ही मान हलवून नाही म्हणायचात. दिवाळीनंतर ताप गेला, भात दोन वेळ उतरायला लागला, गालाचे खड्डे भरले. डॉक्टर म्हणाले, असेच आणखी काही महिने. मी देवापुढे नारळ फोडला आणि कोशापुढेही हळदीकुंकू वाहिलं. तुम्ही त्यावरून मला किती चिडवलंत.

संक्रांतीनंतर लोक कुरकुरायला लागले. फुलवंता मोहफुलं वेचायला मागच्या झाडाखाली येते, ती मला म्हणाली, बाई, बाबू आता मोठा मानूस झाला का, मी आवाज देऊन राहिली अन् तो पायत बी नाही. मी तिलाच रागावले. तुम्ही आजारपणाच्या रजेवर म्हणून तुमच्या जागेवर आलेला नंदलाल म्हणाला, भाभी, बाबूजी किसी सोच में डूबे रहते हैं. मी म्हटलं, आजारातून उठलेला माणूस आहे, विचार करणारच. मनात मात्र पाल चुकचुकली. पण दुसऱ्या सकाळी मी पेल्यावर भेंडी वाजवली आणि तुम्ही भेंडी म्हणालात, मग मी लोकांच्या नावाने बोटं मोडली आणि विसरले. विसरले म्हणजे विसरल्याचं सोंग केलं. तुम्ही माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त बघता, मी बोलले की सगळं टाकून माझ्या तोंडाकडेच बघता, हे मला दिसत होतं. मला वाटलं, आजारपणाने का होईना, नवरा बायकोकडे बघायला शिकला. मला ते आवडत होतं, खरं सांगते.

गेल्या शुक्रवारी माझे हात पिठात होते आणि तुम्ही असेच ओट्यावर पाठ करून बसला होतात. तुमचं नाव मी तोंडाने उखाण्यातच काय ते घेतलं असेल. पण दाराच्या कडीवर मी ते कितीदा घेतलं आहे ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षी मी ते वाजवलं तेव्हा तुम्ही ऑफिसात जाता जाता थबकला होतात आणि कान लाल झाले होते. त्या दिवशी मी पिठाच्या हातानेच कडी वाजवली, तुमचं पूर्ण नाव. तुम्ही वळला नाहीत. मला वाटलं, डुलकी लागली. पण तुम्ही तर हाताने माशी हाकलत होतात. मी पुन्हा वाजवलं, जोरात. ओट्याखालची कोंबडी दचकून पळाली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, ती का पळाली म्हणून इकडे-तिकडे बघितलंत आणि पुन्हा झाडाकडे तोंड केलंत.

तेव्हा मला कळलं की रोज सकाळी तुम्ही पेल्याकडे बघत नव्हतात, माझ्या मनगटाकडे बघत होतात. इतकी वर्षं यंत्रावर हात असलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात वाचायला कानाची गरज नसते. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. परीक्षा घेणारी मी, आणि उत्तर मीच हातात धरून तुमच्यासमोर बसत होते. दुसऱ्या दिवशी मी पदराआड वाजवलं, तर तुम्हाला अचानक खोकल्याची ढास लागली आणि तुम्ही उठून गेलात. खोटा खोकला होता. खरा खोकला कसा असतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत असेल?

तरी मी गप्प राहिले. भीती कोणती मोठी तेच मला ठरवता येत नव्हतं. बोलले तर सुई थांबेल, सुई थांबली तर पंच्यावर पुन्हा डाग, आणि मग ती बांधावरची थाळी. नाही बोलले तर उरलेलंही जाईल. मी स्वतःला म्हणत होते, थोडं तरी ऐकू येत असेल. मग काल झालं ते झालं. तुम्ही नंदलालला भेटायला रूळ ओलांडून निघालात आणि बोगद्याकडून मालगाडी आली. शिट्टी देत होती, सारखी देत होती. मी ओट्यावरून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचं नाव घेऊन ओरडले, सगळ्या स्टेशनाने ऐकलं. तुम्ही पायाखाली बघत, खडीवर जपून पाऊल टाकत चालत होतात. नंदलालने धावत येऊन तुमचा दंड धरून ओढलं. गाडी गेल्यावर तुम्ही हसून त्याच्या पाठीवर थाप मारलीत, जसं काही त्याने चेष्टा केली होती. घरी आलात तेव्हा मी चुलीपाशी बसले होते. तुम्ही विचारलंत, जेवायला काय आहे. मी वाढलं.

तुम्ही का लपवलंत ते मला कळतं. सांगितलं असतं तर मी आणि डॉक्टरांनी सुई बंद केली असती, आणि तुम्हाला जगायचं आहे. त्यात लाज कसली? नोकरी जाईल ही भीती असेल, तर जाऊ दे. नंदलाल म्हणतो मालधक्क्यावर कारकुनाचं काम बघता येईल, आणि तेही नाही झालं तर नवेगाव बांधला भाऊजींच्या धानात दोन हात जास्तीचे कोणाला नको आहेत? माझा राग त्याचा नाही. तुम्ही एकट्याने हिशेब मांडलात, एका बाजूला कान ठेवलेत, दुसऱ्या बाजूला जीव, आणि उत्तरही एकट्यानेच काढलंत, याचा राग आहे. तो कागद आपण दोघांनी मिळून लावला होता. एकेक शब्द दोघांनी. आणि शेवटचं वाक्य तुम्ही माझ्यापासून काढून घेतलंत. शिवाय कोणाच्या गळ्याची आण होती तीही विसरलात.

आता कागद का, ते. ओरडून सांगता आलं असतं, पण या क्वार्टरांच्या भिंती पापडासारख्या, मी ओरडले असते तर ते नंदलालला आधी कळलं असतं आणि तुम्हाला मागाहून. शुक्रवारपासून मी मागचे दिवस आठवत बसले आहे. कधी कधी मी तुमच्या पाठीशी बोलले आणि तुम्ही गप्प राहिलात, ते एकेक आठवलं. मीठ संपल्याचं, केशोदादाच्या नव्या पार्सलाचं, असलं बरंच काही वाया गेलं, ते जाऊ दे. पण होळीच्या आदल्या दिवशी तुम्ही लाकडं रचत होतात आणि मी मागे उभी राहून एक गोष्ट सांगितली. डोळ्यांत बघून सांगायची लाज वाटली म्हणून पाठीला सांगितली. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, लाकडंच रचत राहिलात. मला वाटलं तुम्हाला ते नको आहे. अशा आजारात कसलं हे, असं तुम्हाला वाटलं असेल, मला शरम वाटली, मी न्हाणीत जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी करताना तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्हाला ते ऐकूच आलं नव्हतं. म्हणून पुन्हा सांगते. मला दिवस गेले आहेत. डॉक्टरांनी खाटा वेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या आणि आपण दिवाळीनंतर ते फारसं ऐकलं नाही, त्याचंच हे. इतक्या वर्षांनी, आणि असल्या वर्षी. फुलवंताने माझ्याकडे बघूनच ओळखलं, तिला मी कबूल केलं नाही, पहिल्यांदा तुम्हाला कळावं म्हणून. आता हे वाचल्यावर तुम्हाला वाटेल की सुई थांबवावी, उरलासुरला कान त्याच्या रडण्यासाठी राखून ठेवावा. मला तीच भीती आहे, तुम्हाला मी ओळखते. उद्या जागेश्वरला खरं सांगू, तो डॉक्टरांना विचारेल, मात्रा कमी होते का ते बघतील. पण निवड करायचीच आली तर माझं मत ऐका, ऐकू येत नसेल तर वाचा. सुई घ्या. बाळ रडलं तर मी तुम्हाला सांगेन, दर वेळी सांगेन, त्याचा बाप गेला तर मात्र तो मला कुठून आणून देता येणार नाही. हे वाचून झालं की आत या. मी दाराकडे तोंड करून बसले आहे.

तुमचीच,
प्रेमिला